कधी खातो, कधी पितो



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी रडून घेतलेलं आहे. समुपदेशनाचं शिक्षण संपवून गावी परत आल्यावर मी त्यांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसू लागले. तिथे मी त्यांची एक पद्धत पाहिली. वजन वाढलेला, साखर चढलेली किंवा यकृताला सूज आलेला माणूस समोर आला की बहुतेक जण विचारतात, ‘किती खाता? किती पिता?’ डॉक्टर विचारायचे, ‘कधी?’ किती म्हटलं की माणूस आकडा कमी करून सांगतो. चाराच्या दोन पोळ्या होतात, क्वार्टरचा एक पेग होतो. कधी म्हटलं की तो थांबतो, आठवू लागतो. ‘संध्याकाळी, घरी आल्यावर.’ ‘रोज?’ ‘नाही, मुलाचा फोन येऊन गेला की.’ एवढं बोलून झाल्यावर डॉक्टर त्याला मागच्या खोलीत पाठवायचे. आज मी जे सांगणार आहे त्याचा पाया त्या एका प्रश्नात आहे.

विषय आहे मन दुखावलं, घाबरलं, कंटाळलं, एकटं पडलं म्हणून होणारं खाणं आणि पिणं. ही दोन्ही मी एकत्र का घेतली हे आधी सांगते. आपल्या समाजात यांची खाती वेगळी आहेत. पुरुषाची दारू हे व्यसन. त्याच्यासाठी संस्था आहेत, बदनामी आहे, शपथा आहेत, अंगारे-धुपारे आहेत. बाईचं खाणं मात्र व्यसनात धरत नाहीत. तिला ‘तोंडावर ताबा नाही’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढतात. बायका पितात आणि पुरुषही दुःखात खात सुटतात, हे मला माहीत आहे. पण दवाखान्यात माझ्यासमोर जास्त करून आली ती ही दोन माणसं. आणि दोघांकडून पहिल्या घोटाआधीची आणि पहिल्या घासाआधीची दहा मिनिटं समजून घेतली, तर ती इतकी सारखी निघतात की वेगळा उपदेश करायला जागाच उरत नाही.

सगळी दारू दुःखातून येते असं मी म्हणत नाही. वरातीत, जत्रेत, निवडणुकीत फुकट मिळाली म्हणून सुरू झालेली दारूही पुष्कळ आहे. ज्यांच्या घराण्यात व्यसन आहे त्यांना धोका अधिक असतो, हेही पक्कं आहे. आणि काही वर्षं रोज प्यायल्यावर मूळ कारण काहीही असो, शरीरच दारू मागू लागतं. पण त्या टप्प्याला पोचण्याआधी बराच काळ असा असतो की माणूस एका विशिष्ट भावनेला उत्तर म्हणून पितो. तो काळ आपण वाया घालवतो. आजचं बोलणं मुख्यतः त्या काळाबद्दल आहे.

मराठी रंगभूमीवर ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी स्वच्छ मांडली गेली. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलं. दारूबंदीचं नाटक म्हणून आपण ते ओळखतो. सिंधूचे हाल आठवतात, तळीराम आठवतो, आर्य मदिरा मंडळ आठवतं. सुधाकर पहिला प्याला कधी घेतो, हे मात्र किती जणांच्या लक्षात आहे? सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टातल्या प्रकरणात त्याची सनद सहा महिन्यांसाठी जाते. भर गावात झालेला तो अपमान त्याला सहन होत नाही. ज्या माणसाची सगळी ओळख त्याच्या बुद्धीवर आणि मानावर उभी आहे, त्याला सहा महिने घरी बसायचं आहे. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम प्याला पुढे करतो. म्हणजे पहिला प्याला चैनीचा नाही; तो अपमानावरचा उतारा म्हणून येतो. उरलेल्या नाटकात आपण दारूचं थैमान बघत राहतो आणि त्या अपमानाचं काय झालं हे विचारायचं राहून जातं. सुधाकराशी त्या अपमानाबद्दल कोण बोललं? त्याची बायको सिंधू त्याच्यावर जीव ओवाळून टाकते, सोसत राहते. सोसणं हेच तिच्या काळाने तिला शिकवलेलं होतं. तिला दोष द्यावा असं माझ्या मनातही येत नाही. पण नुसत्या सोसण्याने समोरच्याच्या मनातली ठसठस कमी होत नाही, हे त्या घरात दिसतं. त्याच नाटकात भगीरथ आहे. प्रेमभंगाने तो दारूकडे वळलेला आहे, आणि तो बाहेर येतो. त्याला रामलालसारखा माणूस भेटतो आणि करायला काम मिळतं. गडकऱ्यांनी दोन पिणारे एकाच नाटकात शेजारी ठेवले, यात मला त्यांची फार मोठी समज दिसते.

आता शरीराकडे येऊ. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि उत्तेजित करणारीला दाबते. पहिल्या अर्ध्या तासात खांदे सैल पडतात, छातीतली धडधड कमी होते. हा आराम खरा असतो. ‘दारूने काही होत नाही’ असं पिणाऱ्याला सांगितलं तर तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण दाबलेली बाजू काही तासांत उसळून वर येते. मध्यरात्रीनंतर झोप मोडते, पहाटे तीन-चारला डोळे उघडतात, घाम येतो, आणि जी काळजी बुडवायला प्यायलो ती दुप्पट मोठी होऊन उशाशी बसलेली असते. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण म्हणतात, ‘ताई, मला झोप लागत नाही म्हणून मी घेतो.’ झोप लवकर लागते हे खरं. पण रात्रीच्या उत्तरार्धातली झोप दारूच खाते. मग दिवसभर थकवा, चिडचिड, आणि संध्याकाळी पुन्हा तोच उतारा. शिवाय दारू हा कर्करोगाला कारण ठरणारा पदार्थ आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८८ सालीच दिलेला आहे. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे वाक्य लग्नकार्यात अजून ऐकू येतं. आरोग्याला अपाय होणार नाही अशी दारूची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असं २०२३ मध्ये याच संघटनेने स्पष्ट सांगितलं.

खाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण खाणं सोडता येत नाही. दारू सोडणारा माणूस दुकानाचा रस्ता बदलू शकतो. जिला स्वयंपाकघरात दिवसाचे सहा तास उभं राहायचं आहे, तिने कोणता रस्ता बदलावा?

एका बाईंची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. नोकरी करणाऱ्या, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, साखर वाढलेली. मी त्यांना आहाराचा तक्ता दिला नाही. शाळकरी दोनशे पानी वही घ्या, आणि मधल्या वेळी काही खाल्लं की चार गोष्टी लिहा, एवढंच सांगितलं: किती वाजले, त्याआधी काय घडलं, काय खाल्लं, आणि बसून की उभ्याने. पदार्थाचं वजन लिहायचं नाही, उष्मांक लिहायचे नाहीत. पुढच्या खेपेला वही आली. ‘सव्वासात. भावाचा फोन, घराच्या वाटणीचा. शंकरपाळे, डब्यातूनच. उभ्याने.’ ‘रात्री अकरा. सगळे झोपले. कढईतला उरलेला शिरा. उभ्याने, ओट्यापाशी.’ ‘साडेचार. साहेब सगळ्यांसमोर बोलले. बसस्टॉपवर वडापाव, दोन. उभ्याने.’ पानंच्या पानं ‘उभ्याने’. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, ‘यातलं एकही खाणं मी जेवले म्हणून धरलेलं नाही हो. ताटात घेतलं असतं तर मला दिसलं असतं.’ आणि मग बराच वेळ भावाबद्दल बोलल्या. आईचं आजारपण त्यांनी काढलं होतं, आणि आता वाटणीच्या कागदावर सही करायला भाऊ फोन करत होता. तो राग त्यांनी कुणापाशीच काढला नव्हता. माहेर तुटेल ही भीती होती.

हे असं खाणं कुठून येतं? हिल्डे ब्रूख या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी खाण्याच्या विकारांवर हयातभर काम केलं. १९७३ चा त्यांचा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांचं एक निरीक्षण प्रत्येक आजीने ऐकावं असं आहे. बाळ रडतं तेव्हा दर वेळी त्याला भूकच लागलेली नसते. त्याला थंडी वाजत असेल, ते घाबरलं असेल, त्याला कुणीतरी उचलून घ्यायला हवं असेल. प्रत्येक रडण्याला उत्तर म्हणून तोंडात काहीतरी घातलं, तर भूक कोणती आणि मनाची अस्वस्थता कोणती हे वेगळं ओळखायला ते मूल शिकतच नाही. आपल्या घरांत पडलेल्या पोराच्या हातात बिस्कीट येतं, परीक्षेत कमी गुण मिळाले की ‘जाऊ दे, आज पावभाजी आणू’ होतं. हे सगळं प्रेमाने होतं, आणि अधूनमधून झालं तर काही बिघडत नाही. पण प्रेमाची दुसरी कोणतीच रीत घरात नसेल तर बिघडतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी बापांनी मुलाला आयुष्यात एकच मायेचा प्रश्न विचारलेला असतो: ‘जेवलास का?’ दुसरा प्रश्न त्यांना कुणी शिकवलेला नसतो.

खाल्ल्याने बरं वाटतं का? थोडा वेळ वाटतं. सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते, हा काही चारित्र्याचा दोष नव्हे. पण त्या बरं वाटण्याचं श्रेय खाण्याला किती द्यायचं? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना मन खिन्न करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा सर्वांत लाडका, मनाला दिलासा देणारा पदार्थ दिला, काहींना दुसरंच काही, आणि काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सुधारली, आणि जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणजे खिन्नता आपणहून उतरत होती आणि श्रेय मात्र आइस्क्रीमला मिळत होतं. प्रयोगशाळेतलं दुःख छोटं असतं. वैधव्याचं किंवा कर्जाचं दुःख असं काही मिनिटांत उतरत नाही, हे मी विसरलेले नाही. तरी त्यातून मिळणारी गोष्ट मोलाची आहे. लहर येते, चढते आणि ओसरते. तिला काही पुरवलं नाही तरी ओसरते. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनाच्या उपचारात हेच शिकवलं: तलफ आली की तिच्याशी झुंजायचं नाही, तिच्यामागे धावायचंही नाही, लाटेवर तरंगावं तसं तिच्यावर राहायचं आणि ती उतरताना बघायची. घड्याळ लावून बसलात तर बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत तिचा जोर गेलेला असतो.

आता उपाशी राहण्याबद्दल बोलते, कारण इथे आपण फार मोठी गफलत करतो. खूप खाल्लं गेलं की आपण ठरवतो, उद्या कडक उपास. आपल्या भाषेत याचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. ही म्हण चेष्टेची वाटते, पण ती शरीरशास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस याच मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमारीने माणसाचं काय होतं आणि त्याला पुन्हा कसं उभं करायचं, हे युद्धग्रस्त देशांसाठी समजून घ्यायचं होतं. ती चांगली शिकलेली, ध्येयवादी मुलं होती. काही आठवड्यांत त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं ती वाचू लागली, ताटं चाटू लागली, उदास आणि चिडखोर झाली. आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही जण पोट फुटेस्तोवर खाऊनही भुकेलेच राहिले. यात त्यांच्या मनाची कमजोरी नव्हती. उपाशी शरीर हेच करतं.

मनाची बाजू १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोघांच्या प्रयोगात दिसली. काही स्त्रियांना मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीमची चव बघायला सांगितलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्लं. ज्या कडक पथ्यावर होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, मग आता काय! दारू सोडलेला माणूस एका लग्नात एक पेग घेतो आणि पुढचे चार दिवस शुद्धीवर येत नाही, तो याच हिशेबाने. घरातलं माणूस त्या क्षणी म्हणतं, ‘बघा, मी सांगितलंच होतं, हा सुधारणार नाही.’ त्याच्या मनातही तेच वाक्य चाललेलं असतं. दोन्हीकडून तेच ऐकू आल्यावर त्याला बाटली खाली ठेवण्याचं काही कारण उरत नाही. घसरला तर त्याला विचारा: कधी? काय झालं होतं? आणि उद्या सकाळी नेहमीची न्याहारी द्या.

माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी प्रत्यक्षात काय सांगते? पहिलं म्हणजे दुपारी चार-पाचला नीट खा. ऐकायला हे फार क्षुल्लक वाटतं. पण सकाळी साडेनवाच्या डब्यानंतर रात्री नऊपर्यंत नुसत्या चहावर राहिलेला माणूस संध्याकाळी सातला थकलेला, भुकेला आणि चिडलेला असतो, आणि गुत्त्याची वेळ नेमकी तीच असते. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आता आपल्या जिल्ह्याच्या गावांतही भरतात. त्या मंडळींत चार गोष्टी जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. तलफ आली की आधी यातलं कोणतं आहे ते बघायचं. भूक असेल तर जेवायचं, थकवा असेल तर आडवं व्हायचं. राग आणि एकटेपणा असेल तर माणूस लागतो. तिथे पदार्थ उपयोगाचा नाही.

तलाठी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नी गेल्यावर पिऊ लागले. वेळ ठरलेली: दिवेलागण. त्या वेळी पत्नी देवापुढे दिवा लावून दोन कप चहा घेऊन ओसरीवर यायची. आता ती ओसरी आणि ती वेळ त्यांना खायला उठायची. त्यांच्याशी दारूबद्दल मी फारसं बोललेच नाही, आम्ही पत्नीबद्दल बोललो. मग त्यांनी स्वतःच ठरवलं, की त्या वेळी घरात थांबायचं नाही. गावातल्या मित्राची पिठाची गिरणी आहे. तिथे ते संध्याकाळी हिशेबाची वही सांभाळू लागले. गिरणीच्या आवाजात फार बोलता येत नाही, पण सोबत असते, दळणाला आलेल्या बायका विचारपूस करतात. रोजची दारू सुटली. पत्नीच्या तिथीला, दिवाळीच्या पाडव्याला अजून घेतात. येऊन सांगतात. सांगतात, याला मी महत्त्व देते.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती कृपा करून घरी जाऊन सांगा. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो आहे, सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं आणि किडे दिसू लागतात, आणि यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधांनी आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन ते नीट पार पाडता येतं. दुसरं, एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. दारूची शिसारी आणणारं औषध चहातून, भाजीतून गुपचूप देऊ नका. असं औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाच्या रोग्याचा प्राण जाऊ शकतो. तेच औषध रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून डॉक्टर देतात तेव्हा उपयोगी पडतं. फसवून कुणी बरा होत नाही, आणि कळल्यावर त्या घरात तो पुन्हा निश्चिंत मनाने जेवू शकत नाही.

डॉक्टरांकडे जायची वेळ आली हे ओळखायचं कसं? जॉन ईविंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९८४ मध्ये मांडलेले चार प्रश्न जगभर वापरतात. दारू कमी करावी असं तुम्हाला कधी वाटलं का? कुणी पिण्याबद्दल बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या, हातपाय स्थिर व्हावेत म्हणून घ्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर भेटा. खाण्याच्या बाबतीतही हद्द आहे. थोड्या वेळात बेसुमार खाणं, थांबवता न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालत असेल, तर तो आजार आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. त्यावर उपचार आहेत, आणि ‘जरा मन मार’ असं म्हणणं हा उपचार नव्हे.

या कामाची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसनी माणूस आधी माणूस आहे, ही भूमिका तिथे घेतली गेली, आणि त्याच्या बायकोचं, आईचं दुःख उपचाराचा भाग मानलं गेलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० पासून मनाच्या आरोग्याची भाषा मध्यमवर्गाच्या बैठकीत आणली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या साथीने गावोगावच्या लोकांनी १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी मिळवली. आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मत देणाऱ्या बायांनी गावागावांत दुकानं बंद केली. दारू सहज मिळणं कमी झालं की पिणं कमी होतं, म्हणून मी या लढ्यांच्या बाजूची आहे. पण दुकान बंद झाल्यावर ज्या दुःखासाठी माणूस तिथे जात होता ते दुःख घरी घेऊन येतो. तिथे कुणीतरी बसलेलं हवं.

ते कुणीतरी मोठा तज्ज्ञच असावा लागतो असं नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी गावातल्याच, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी जास्तीत जास्त चार भेटींत बोलायचं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी, बोलणं झालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष अपायकारक पिण्यातून बाहेर आलेले होते. नुसती नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले एका गटात ४२ टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के. चार भेटींत! उलट देशाचं चित्र काय आहे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार साधारण पावणेसहा कोटी भारतीयांना दारूच्या प्रश्नात मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला आहे. आशाताई आहेत, शिक्षक आहेत, वारकरी मंडळं आहेत, महिला बचतगट आहेत. या तालुक्यात अशी वीस माणसं तयार करणं अवघड नाही. व्याख्यानमालेच्या विश्वस्तांना माझी जाहीर विनंती आहे, की पुढच्या वर्षीच्या निधीतला काही भाग अशा प्रशिक्षणाला द्यावा. लागेल तेवढा वेळ मी देईन.

आणि तुम्हा सर्वांना एक विनंती. आपल्या घरात पिणारं किंवा लपून खाणारं जे कुणी असेल, त्याला या आठवड्यात ‘किती’ विचारू नका. चांगल्या वेळी, एकटं गाठून, ‘कधी’ विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. तुम्ही स्वतः ते माणूस असाल तर वही आणा. बोलायला जवळचं कुणी नसेल तर दोन क्रमांक आज रात्रीच फोनमध्ये लिहून ठेवा: मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६, आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६. दोन्हींना पैसे पडत नाहीत, आणि टेलिमानसवर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं.